अंगावर आलेले नाव



वसंत व्याख्यानमालेत विद्वानाने बोलावे अशी आपली रीत आहे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. त्यापुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, रात्री दिवा जाईपर्यंत. तीस वर्षे हमालांची आणि कंत्राटी कामगारांची संघटना बांधण्याचे काम करतो आहे. तेव्हा मला भाषण येते ते फाटकावरचे. फाटकावर श्रोता उभा असतो आणि त्याला पाळीवर जावयाचे असते. आपण आज बसलेले आहात, म्हणून मीही जरा सबुरीने घेतो.

विषय सुचला तो आपल्याच धक्क्यावर. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी रो-रो बोटीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी आपल्याच गावातला एक पोरगा बसला होता. अंगात पांढरा सदरा, छातीवर चेंडूवर उभा राहिलेला कोंबडा. हातातल्या मोबाइलवर विलायतेतला फुटबॉलचा सामना चालला होता. गोल झाला तसा तो ताडकन उठला आणि ओरडला, "यिड आर्मी! यिड आर्मी!" मी विचारले, "बाळ, यिड म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "म्हणजे आमची टीम, काका. टॉटेनहॅम." "ते कळले, पण शब्दाचा अर्थ?" "अर्थ कशाला लागतो? सगळे ओरडतात."

आता त्या पोराला हे ठाऊक नव्हते की तो शब्द ज्यांच्यावरून निघाला, त्यांची जुनी दफनभूमी येथून तासाभराच्या आत आहे. आवास, सासवणे, किहीम ओलांडा, नवगावला जा. विलायतेतल्या शिवीचा मालक आपल्या शेजारचा निघावा, ही गोष्ट मला त्या रात्री बोटीत झोप येऊ देईना. म्हणून आज आपल्यापुढे आलो.

प्रथम त्या शब्दाविषयी. यहुदी लोकांची युरोपातली एक बोली आहे, यिडिश. त्या बोलीत यहुदी माणूस स्वतःला 'यीड' म्हणतो. यहुदा या मूळ नावापासून आलेला हा साधा शब्द आहे, आपण मराठी म्हणावे तसा. परंतु हाच शब्द ऱ्हस्व करून 'यिड' असा दुसऱ्याने उच्चारला की ती इंग्रजीत शिवी होते. आमच्या शाळेत ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीला छडी मिळत असे. तेथे एका वेलांटीने माणसाचा मान जातो.

टॉटेनहॅम हा लंडनच्या उत्तर भागातला क्लब, १८८२ साली निघालेला. पूर्व लंडनमधले शिंपीकाम, फर्निचरकाम करणारे यहुदी कामगार शनिवारी तेथे सामने पाहावयास जात. म्हणून तो 'यहुद्यांचा क्लब' ठरला. १९३५ च्या डिसेंबरात इंग्लंड आणि जर्मनीचा सामना याच क्लबाच्या मैदानावर ठरला. हिटलर सत्तेवर येऊन तीन वर्षे होत आली होती. तेथील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने त्याला विरोध केला, सरकारकडे निषेध नोंदवला. सामना व्हायचा तो झालाच. मैदानावर स्वस्तिकाचा झेंडा चढला, आणि एका माणसाने छपरावर चढून तो कापून खाली आणला. इंग्लंडने सामना तीन शून्याने जिंकला. मला त्या तीन गोलांपेक्षा त्या दोरी कापणाऱ्याचे कौतुक अधिक वाटते; तुमचे तुम्ही ठरवा.

पुढे महायुद्ध झाले, साठ लाख यहुदी मारले गेले. इतके होऊनही माणूस सुधारला नाही. १९७० नंतरच्या काळात विरुद्ध क्लबांचे लोक टॉटेनहॅमच्या प्रेक्षकांना 'यिड' म्हणून हिणवू लागले. एवढ्यावर न थांबता तोंडाने 'स्स्स्' असा आवाज काढू लागले. हा आवाज कशाचा, तर कोठडीत सोडलेल्या विषारी वायूचा. हजारो माणसे मिळून हा आवाज काढतात आणि मग घरी जाऊन जेवतात.

तेव्हा टॉटेनहॅमच्या लोकांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते शिवी परत करीनात, त्यांनी ती उचलून आपल्याच अंगावर घातली. "होय, आम्ही यिड, आमची यिड सेना!" असे गाऊ लागले. आणि लक्षात घ्या, त्यांतले बहुतेक यहुदी नव्हतेच. ख्रिस्ती होते, काही धर्म न मानणारे होते, वेस्ट इंडीजकडून आलेले होते. शेजाऱ्याला दगड मारला तर आम्ही सगळेच त्याच्या ओटीवर उभे राहू, अशी ती भूमिका होती. हॉलंडमध्ये आम्स्टरडामच्या आयॅक्स क्लबाच्या लोकांनीही असेच केले.

हे प्रथम वाचले तेव्हा माझ्यातला युनियनवाला खूश झाला. कारण ही युक्ती आम्हांला नवी नाही. पुण्यात बाबा आढावांनी १९५० च्या दशकात संघटना काढली तिचे नाव हमाल पंचायत. 'हमाल' हा शब्द तोवर हाक मारावयाचा आणि हिणवावयाचा होता, तो त्यांनी पाटीवर चढवला. त्याहीआधीचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशीच जोडलेले आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र काढले, त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. ज्यांना गावाने वेशीबाहेर टाकले त्यांनी तोच शब्द पत्राच्या कपाळावर छापला. आणि याच बाबासाहेबांना 'हरिजन' हे गोड नाव मात्र मान्य झाले नाही. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात ते नाव कायद्यात घालू लागले तेव्हा ते आपल्या पक्षासह सभागृहाबाहेर पडले. गंमत पाहा, कडू शब्द चालतो आणि गोड चालत नाही. कारण कडू आपण होऊन घेतलेला असतो, गोड दुसऱ्याने वर बसून दिलेला असतो.

हे सारे मला पटलेले होते. पण पटलेल्या गोष्टीवरच मी एकदा आपटलो, ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यासाठी नवगावला जावे लागेल.

आपल्याकडच्या बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांना तेथेच पुरले. वाचले ते या किनाऱ्यावर वसले आणि आपल्यासारखेच झाले. मराठी बोलू लागले, गावाच्या नावावरून आडनावे लावू लागले. किहीमकर, आवासकर, नवगावकर, झिराडकर ही त्यांचीच. पोथ्या समुद्रात गेल्या, पण 'शमा इस्राएल' ही एक प्रार्थना, सुंता, ठरावीक मासे न खाणे आणि शनिवार पाळणे एवढे उरले. त्यांनी धंदा धरला तेल काढण्याचा. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली.

नाव वरवर पाहता निरुपद्रवी आहे. पण त्यात दोन काटे होते. एक, तेली या धंद्याकडे पाहण्याची आपली दृष्टी. सकाळी तेली आडवा गेला तर काम होत नाही, असे म्हणणारी माणसे मी माझ्या लहानपणी पाहिली आहेत. त्याच तेलाने देवापुढचा दिवा लागे तो मात्र शुभ! दुसरा काटा म्हणजे 'हे आपल्यातले नव्हेत' ही खूण. आणि शनिवारीच मारुतीला तेल घालावयाचे, त्याच दिवशी तेल्याचा घाणा बंद. गिऱ्हाईक कुरकुरत असेल यात शंका नाही.

आता युनियनवाल्याच्या डोळ्यांनी हे नाव पाहा. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी कधी मिळाली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून मागणी मांडली, २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमवले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आणि येथे, लोखंड्यांच्या कितीतरी पिढ्या आधी, या किनाऱ्यावरचा एक गरीब कारागीर दर आठवड्याला एक दिवस काम बंद ठेवीत होता. कोणत्याही कायद्याच्या आधाराशिवाय. त्या दिवशी त्याचा बैलही मोकळा. घाण्याच्या बैलाची झापड सुटण्याचा हक्काचा दिवस! 'शनवार तेली' म्हणजे साप्ताहिक सुटीचा जुना दाखला आहे, असे मला वाटले. आजही वाटते.

पंचवीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट. अलिबागच्या बाजूला एका ठिकाणी कंत्राटी कामगारांना सातही दिवस राबवून घेत. नाव घेत नाही. सुटीसाठी आम्ही काम बंद केले. फाटकावर मी वरची सगळी कथा रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणालो, "गड्यांनो, आजपासून आपण सगळे शनवार तेली!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पोरांनी पुठ्ठ्यावर ते नाव रंगवून आणले, घोषणा सुरू झाल्या. अकराव्या दिवशी सुटी मिळाली. मी हवेत होतो.

त्याच आठवड्यात संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ कचेरीत आले. पांढरा सदरा, हातात छत्री. अलिबागच्या इस्राएल आळीत राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले. बसले, पाणी घेतले. म्हणाले, "तुमची सुटी झाली, चांगलं झालं. माझा मुलगा असता तर मीही त्याला तुमच्याबरोबर उभं राहा म्हटलं असतं. पण ते नाव तुम्ही कुठून घेतलंत?"

मी उत्साहाने सगळा इतिहास सांगू लागलो. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. जो त्यांच्या घरचा होता तो. मग म्हणाले, "शाळेत शनिवारी मी पाटीवर लिहीत नसे. मास्तर वर्गासमोर उभं करून त्याच नावानं हाक मारीत, आणि मुलं नाक दाबून हसत. तेलाचा वास येतो म्हणून. आमच्या घरात तेव्हा घाणा नव्हताच. वडिलांनी तो आधीच विकला होता. तेलाची लाज नव्हती हो. तेलावरच आम्ही जगलो. पण नाव हाक म्हणून आलं की पाठीवर येतं."

मी म्हणालो, "काका, म्हणूनच तर आम्ही ते मानाने घेतलं."

"घेतलंत ना. पण पुठ्ठा रंगवण्याआधी एकदा आळीत येऊन विचारलं असतंत तर?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

ते जरा हसले. "हो म्हणालो असतो बहुधा. चहाही पाजला असता."

मंडळी, मालकांनी पोलिस आणले तेव्हा माझी मान खाली गेली नाही. त्या संध्याकाळी गेली. मी बहिष्कृतांचे आणि हमालांचे उदाहरण मनात धरले होते, पण तेथे शब्द उचलणारा आणि मार खाल्लेला माणूस एकच होता. माझ्या फाटकावर मार एकाचा आणि घोषणा दुसऱ्याची होती.

त्या गृहस्थांकडे मग मी वरचेवर जाऊ लागलो. त्यांनी मला आळीतली मागेन अबोथ ही प्रार्थनामंदिराची वास्तू दाखवली. १८४८ साली बांधलेली, १९१० मध्ये पुन्हा उभारलेली. नावांविषयी त्यांनीच मला शहाणे केले. त्यांच्या पूर्वजांना 'यहुदी' हे नावसुद्धा नकोसे वाटे, ते स्वतःला 'इस्राएल' म्हणवीत. पुढे मुंबईत जाऊन फौजेत, रेल्वेत, कचेऱ्यांत शिरल्यावर 'तेली' मागे पडले. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८९७ मध्ये आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. त्यांच्या मृत्यूनंतर तो १९३७ साली छापला गेला. म्हणजे आपले नाव आपण लिहावे, हे काम त्यांनी कोणाला न विचारता, कोणाच्या टाळीवाचून केले होते. मी मात्र त्यांना पुठ्ठ्यावरून मान देऊ पाहत होतो.

आणि एक कटू गोष्टही त्यांनीच सांगितली, झाकली नाही. त्यांच्या स्वतःच्या समाजातही 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद होता. ज्यांच्या कुळात बाहेरची आई आली असे मानले जाई ते काळे. त्यांच्याशी सोयरीक होत नसे. "बाहेरचं नाव आम्हांला टोचत होतं, आणि आत आम्हीच दुसऱ्याला तसं नाव ठेवीत होतो," असे ते म्हणाले. हे कोणत्या समाजात होत नाही? आमच्या युनियनमध्ये कायम कामगार कंत्राटी कामगाराला काय म्हणतो ते या मंचावरून सांगण्यासारखे नाही.

पुढची कथा तर नाटकात घालावी अशी आहे. १९४८ नंतर हे लोक हजारोंनी इस्रायल देशात गेले. येथे 'शनवार तेली' म्हणून वेगळे पडले होते, तेथे तरी आपल्यांत मिसळू अशी आशा. तेथे १९६२ मध्ये धर्मपीठाने फर्मान काढले की बेने इस्राएल माणसाचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी त्याच्या आजी-पणजीपर्यंत चौकशी करावी, तो खरा यहुदी की नाही ते पाहावे. ज्या 'यहुदी' नावाला त्यांचे पूर्वज कोकणात बिचकत, तेच नाव मिळावे म्हणून आता त्यांना भांडावे लागले. त्यांनी काय केले? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठाण मांडले, बायकामुलांसह. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील संसदेची खास बैठक भरली, हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत असा ठराव झाला, आणि महिनाअखेर धर्मपीठाने ते फर्मान मागे घेतले. तेल्याचा नातू ठाण मांडून बसला की काय होते ते जेरुसलेमने पाहिले. हे मी सभेत सांगतो तेव्हा कोणाला विचारावे लागत नाही. विजय त्यांचा आहे आणि मी तो त्यांच्याच नावावर सांगतो.

आता पुन्हा टॉटेनहॅमकडे. तेथेही अखेर 'विचारले का?' हाच प्रश्न उभा राहिला. डेव्हिड बॅडियल नावाचे एक यहुदी विनोदी लेखक आहेत. ते दुसऱ्या क्लबाचे चाहते. त्यांनी आपल्या भावासह २०११ मध्ये एक छोटा चित्रपट काढला. त्यांचे म्हणणे असे की शिवी परत जिंकावयाची तर ती ज्यांना बसली त्यांनी जिंकावी. टॉटेनहॅमचे बहुसंख्य लोक यहुदी नाहीत, त्यांना तो अधिकार कोणी दिला? शिवाय हे गातात म्हणून विरुद्ध बाजूलाही तीच शिवी देण्यास निमित्त मिळते. २०१३ मध्ये तेथील फुटबॉल संघटनेने हा शब्द वापरू नका असे बजावले, टॉटेनहॅमच्या तीन चाहत्यांना अटकही झाली. पंतप्रधान कॅमेरॉन मध्ये पडले आणि म्हणाले, स्वतःला म्हणवून घेणे वेगळे, दुसऱ्याला शिवी देणे वेगळे. २०१४ मध्ये खटले मागे घेतले गेले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. टॉटेनहॅमचे काही यहुदी चाहतेच सांगतात की हजारो परके लोक आपल्यासाठी तो शब्द अंगावर घेतात हे पाहून त्यांना बळ आले. तेव्हा मालकही एकमुखी नाहीत. मालक एकमुखी नसतातच. आमच्या हमालांतही 'माथाडी म्हणा, हमाल म्हणू नका' असे सांगणारे आहेत, आणि १९६९ च्या कायद्याने 'माथाडी' हा शब्द कागदावर आलाच आहे. २०१९ मध्ये क्लबाने आपल्या चाहत्यांना विचारले. तेवीस हजारांवर लोकांनी उत्तरे दिली, जवळजवळ निम्म्यांनी हा शब्द कमी करावा किंवा सोडावा असे सांगितले. २०२२ मध्ये क्लबाने चाहत्यांना विनंती केली की आता यापुढे जावे. यापुढे जाणे सोपे नसते. बापाच्या खांद्यावर बसून जे गाणे शिकले ते सुटत नाही. विचारले मात्र चाळीस वर्षांनी! मी अकरा दिवसांत चुकलो, यात समाधान मानावे काय?

माझे मत विचाराल तर सांगतो. ज्या दिवशी समोरून तो 'स्स्स्' आवाज येत होता, त्या दिवशी टॉटेनहॅमच्या लोकांनी केले ते माणुसकीचे होते. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण अंगावर घेतलेले ओझे उतरवावयाचेही असते. हमालाला हे शिकवावे लागत नाही. ज्याचा माल आहे तो 'ठेव' म्हणाला की ठेवावे लागते. डोक्यावर शोभते म्हणून पोते घेऊन कोणी गावभर हिंडत नाही.

आणि तो शब्द समुद्र ओलांडून आमच्या धक्क्यावर येतो तेव्हा त्याच्याबरोबर काहीच येत नाही. तो आवाज येत नाही, १९३५ चा झेंडा येत नाही, साठ लाख माणसे येत नाहीत. नुसती आरोळी येते. तशी आपल्या गावाच्या नावाचीही एक आरोळी आहेच. १९९० च्या त्या सिनेमानंतर मुंबईत 'गाव मांडवा' म्हटले की समोरचा लगेच आवाज घोगरा करतो. सिनेमातला मांडवा हाच की दुसरा, त्याला कर्तव्य नसते. आपणही हसून घेतो, कारण त्यात आपले काही जात नाही.

त्या पोराला मी मग एका रविवारी नवगावला नेले. दफनभूमीपाशी उभे राहून ही सगळी कथा सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. अलिबागचे काका असते तर त्यांच्याकडे नेले असते, पण ते आता नाहीत. परतताना किहीमच्या वळणावर त्याने विचारले, "काका, मग आता मी काय ओरडू?" मी म्हणालो, "क्लबाचे नाव आहे की." तो म्हणाला, "त्यात मजा नाही." खरे आहे, नाही.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "पण तुम्ही सभेत 'आम्ही हमाल, आम्ही हमाल' म्हणता ते?"

मी म्हणालो, "माझ्या बापाने तीस वर्षे मुंबईच्या गोदीत पाठीवर पोती वाहिली, बाळ."

"ते आजोबांनी. तुम्ही स्वतः किती वर्षं वाहिलीत?"

मी हिशेब केला. "अडीच," म्हणालो.